पाहुण्यांचा धडा

प्रिय काशिनाथ सर,

‘आदरणीय’ लिहिणार होते. पण तो शब्द आपण दोघांनी फक्त रजेच्या अर्जात वापरला, तेव्हा इथे राहू दे.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहितेय. एवढे दिवस काऊन नाही लिहिलं, असं विचाराल. धीर नव्हता, दुसरं काय? पण परवा आपल्या शाळेत शारदा मॅडम आल्या होत्या. त्याच, आदिलाबादला इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण घेणाऱ्या. न कळवता आल्या, सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या आणि पूर्ण तास बसून राहिल्या. मी पाहुण्यांचा धडा घेतला नाही, सर. आणि जाताना त्यांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं, ते ऐकल्यापासून मला इतकं हलकं वाटतंय की दोन दिवस मी पोरांवर एकदाही ओरडलेले नाही. पोरं घाबरली आहेत.

पाहुण्यांचा धडा हे नाव कुणी ठेवलं होतं हो? तुम्हीच ठेवलं असणार. घरात एक चांगली चादर पाहुण्यांसाठी ट्रंकेत राखून ठेवतात, तसा तो एक धडा तुम्ही तपासणीसाठी राखून ठेवला होता. अभ्यासक्रम कुठेही असो, साहेब आले की सातवीत तोच धडा. एका म्हातारीची बाजाराची गोष्ट आणि खाली अकरा प्रश्न. त्यासाठी तुम्ही स्वतः मांजरपाटाच्या कापडावर रंगवलेला तक्ता होता. त्यावर वांगी होती, तराजू होता, बांगडीवाला होता, आणि कोपऱ्यात एक बैल, जो दिसायला थोडा हेडमास्तरांसारखा होता.

आणि निरोपाची व्यवस्था! साहेबांची जीप इचोड्याला चहाला थांबली की ढाब्याचा मालक आपल्याकडे निघालेल्या पहिल्या ट्रकवाल्याला सांगायचा. साहेबांची भजी संपायच्या आत शाळेत निरोप पोचलेला असायचा. “मुआयना हाये, मुआयना!” म्हणत तुम्ही कपाटामागून तक्ता ओढायचे. तपासणीला तुम्ही शेवटपर्यंत निजामाच्या काळातला तोच शब्द वापरलात. मग पुढच्या तीन बाकांवरच्या अकरा मुलांना अकरा प्रश्न वाटून दिले जायचे.

मी सातवीत असताना नववा प्रश्न माझा होता. “व्हाय डिड द ओल्ड वुमन गो बॅक?” “बिकॉज शी फरगॉट हर अम्ब्रेला.” मी उत्तर दिलं, साहेब “व्हेरी गुड” म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या किराणा दुकानात येऊन बाबांना म्हणालात, “पोरगी हुशार हाये तुमची. हिले सोळावं लागलं का उजवून टाकू नोका. शिकवा.”

त्या एका वाक्यावर मी बी.एड.पर्यंत पोचले. हे मी कधी विसरले नाही. पण आता खरं सांगू का? त्या वर्षी मला इंग्रजीतलं तेवढं एकच वाक्य येत होतं. दहावा प्रश्न शेजारच्या बाकावरच्या मुलीचा होता. त्याचं उत्तर काय होतं, ते मी ऐकायचीसुद्धा नाही. आपला नंबर झाला की सुटलो, एवढंच कळायचं.

मग मी शिक्षिका होऊन तुमच्याच शाळेत आले, तुमच्याच शेजारच्या खुर्चीवर बसले. पोरांसमोर तुम्ही मला ‘सुमनबाई’ म्हणायचे आणि स्टाफरूममध्ये ‘पोरी’. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तक्ता दाखवून म्हणालात, “हे आता तुहं. मुआयना आला का कामी पडते.” मला तेव्हा केवढा मान वाटला होता.

प्रशिक्षणाचा हुकूम तुमच्या नावाने तीनदा आला आणि तीनदा तुम्ही गेला नाहीत. एकदा गुडघा, एकदा कापूस काट्यावर न्यायचा, एकदा लेकीचे सासरे. सर, मला कारण माहीत होतं. तुमच्यासारखं व्याकरण जिल्ह्यात कुणाला येत नसेल. फळ्यावर वाक्याचे तुकडे पाडायला लागलात की बघत राहावं. पण कुणी समोर येऊन इंग्रजीत बोलायला लागलं की तुम्हाला लगेच पान खायची आठवण व्हायची. चौथ्यांदा तुम्ही माझं नाव पुढे केलंत. “जाय पोरी. तुही जबान ताजी हाये.”

ते दहा दिवस मला अजून पाठ आहेत. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना उभं राहून स्वतःबद्दल इंग्रजीत बोलायला सांगितलं. आजूबाजूला सगळे तेलुगू शिक्षक, मी एकटी मराठी शाळेची. माझी वेळ आली तेव्हा डोक्यात फक्त म्हातारीची छत्री होती. कशीबशी नाव-गाव सांगून बसले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी माझा पाठ टेपरेकॉर्डरवर भरला आणि सगळ्यांसमोर वाजवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवाज. वाक्य मीच वाचतेय, अर्थ मीच सांगतेय, प्रश्न मीच विचारतेय आणि उत्तरही मीच देतेय. पोरं कुठे होती? मॅडमनी नुसती टेप बंद केली. मला रडू आलं, ते मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दाबून ठेवलं.

परत आले ती फार जोरात आले, हे मान्य आहे. पोरांना जोडीजोडीने समोरासमोर बसवलं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, मी फक्त फिरायचं. काय गोंगाट झाला पहिल्या दिवशी! तुम्ही खिडकीत येऊन म्हणालात, “बाजार भरवला का वं वर्गात?” मी रागावले. पण तुम्ही त्या खिडकीतून तास संपेपर्यंत हलला नाहीत, हेही मी पाहिलं होतं. ते तेव्हा लक्षात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग तो दिवस. तुम्ही असताना मी ज्याबद्दल तोंड उघडलं नाही, तो.

प्रशिक्षण घेतलेले शिक्षक वर्गात काय करतात ते बघायला मॅडम येणार होत्या. सकाळी प्रार्थनेच्या आधी तुम्ही मला पिंपळाखाली बाजूला घेतलंत आणि म्हणालात, “मॅडमले तुहा नवा धडा दाखव. तक्ता राहू दे कपाटामागं. त्याचे दिवस गेले आता.” मी ‘हो’ म्हटलं. शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर मी ते हजार वेळा ऐकले.

आणि मॅडम, हेडमास्तर आणि बरोबरचे दोघे वर्गात येऊन बसले, तसे माझे हात गार पडले. पोरं जोडीत बसली आणि बोललीच नाहीत तर? नुसती कुजबुजली तर? नवा धडा कधी फसेल ते सांगता येत नाही. जुना कधी फसला नव्हता. पाहुणे नीट बसेपर्यंत मी कपाटामागून तक्ता काढून आणला, पुढच्या बाकांवर बोटाने नंबर दाखवले, आणि पोरं सावरून बसली. त्यांना माहीत होतंच.

पहिले तीन प्रश्न सुरेख गेले. मग मॅडम उठल्या आणि खिडकीजवळच्या कमलासमोर येऊन थांबल्या. आदल्या दिवशी बाजार झाला होता, कमलाच्या वेण्यांना नव्या लाल रिबनी होत्या. मॅडमनी रिबनीला हात लावून हसत विचारलं, “व्हॉट डिड यू बाय इन द मार्केट?”

कमलाचा नंबर नववा होता. ती ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बिकॉज शी फरगॉट हर अम्ब्रेला.”

वर्गात कुणी हसलं नाही. वर्गाच्या दृष्टीने उत्तर बरोबर होतं.

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “सुमन टीचर, ये क्या है?” आणि मी म्हणाले, “हमारे बड़े सर का है मॅडम. वो ऐसाच कराते. उनके सामने हमारा नहीं चलता.”

तुम्ही दारात होतात. मागे शिपाई चहाची किटली घेऊन उभा होता. तुम्ही आत आलात, कप टेबलावर ठेवलेत, “चाय लीजिए मॅडम” म्हणालात आणि निघून गेलात. माझ्याकडे पाहिलंही नाही. सकाळी ज्या माणसाने मला तक्ता काढू नको म्हणून सांगितलं होतं, त्याच्याच माथी मी तो तक्ता मारला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हेडमास्तरांना सांगून सगळ्या वर्गांचं इंग्रजी माझ्याकडे दिलं आणि स्वतः समाजशास्त्र घेतलं. तक्ता घरी नेलात. त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत! रागावला असतात, पोरांसमोर झापलं असतं, तरी चाललं असतं. तुम्ही चहा घेताना पावसाचं बोलायचे, डी.ए.चं बोलायचे. मी रोज माफीचं वाक्य जुळवून यायची आणि रोज घंटा व्हायची. हा दोष तुम्हाला देत नाही. जीभ माझी होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही लेकीकडे नांदेडला गेलात. निदान आम्हाला तसं सांगितलं. जूनमध्ये शाळा उघडली आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही फाटकात उभे. मी आत येतेय तर मोठ्याने म्हणालात, “सुमनबाई, व्हॉट डिड यू बाय इन द मार्केट?”

मला फाटकातच कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तोच प्रश्न! मॅडमचा, शब्द न् शब्द! मी मान खाली घालून आत गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. पोरांना विचारायचे, शिपायाला विचारायचे, हेडमास्तरांनाही सोडलं नाही. मी मनात म्हणायची, काय माणूस आहे, सगळ्या शाळेला सामील करून मला टोमणा मारतोय. दोन वर्षं, सर. दोन वर्षं मी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मागच्या कुंपणातून शाळेत शिरत होते. साडी फाटली दोनदा.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार होता, तरी तुम्ही फाटकात थांबलात आणि विचारलंत. मी म्हणाले, “बस चुकेल सर,” आणि गेले. बस तासाभराने होती.

आणि वर्षभरात तुम्हीच गेलात. तेराव्याला काकूंनी गुंडाळलेला तक्ता माझ्या हातात दिला. “तुलेच द्याले सांगून गेले,” म्हणाल्या. मला वाटलं, जाता जाताही सोडलं नाही. घरी येऊन तो ट्रंकेच्या तळाशी टाकला, वर गोधड्या टाकल्या.

मधल्या काळात मी वाईट शिक्षिका झाले नाही, एवढं तुमच्या कानावर घालते. महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ इंग्रजीचे शिक्षक उटनूरला जमतो. तिथे एक रीत पाडली आहे. प्रत्येकाने त्या महिन्यातला पडलेला धडा सांगायचा. चांगला झालेला सांगायचा नाही, त्याला कुणी चहा देत नाही. का पडला, कुठे पोरं सुटली, पुढच्या वेळी काय बदलायचं, यावर सगळे बोलतात. मी तिथे माझे कितीतरी पडलेले धडे सांगितले आणि हसून घेतलं. तो एक सोडून.

परवा कापूस वेचणीमुळे वर्ग अर्धाच होता. मॅडम येऊन बसल्या तेव्हा हात गार पडले, ते काही जात नाही. पण कपाटामागे आता काही नव्हतंच. पोरं जोडीत बसली आणि काल काय केलं ते एकमेकांना विचारू लागली. “आय पिक कॉटन येस्टरडे.” “हाऊ मच?” “वन बिग गाठोडं.” मी चुका मधेच धरल्या नाहीत, वहीत टिपल्या आणि शेवटी कुणाचं नाव न घेता फळ्यावर घेतल्या. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक पोरगी मागे वळली आणि तिने थेट मॅडमलाच विचारलं, “मॅडम, यू हॅव कॉटन?” मॅडम म्हणाल्या, “नो, आय हॅव टू बफेलोज.” मग काय, सगळा वर्ग म्हशींवर तुटून पडला. नावं काय, दूध किती देतात, मारतात का. घंटा झाली तरी उठेनात.

फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा मॅडम थांबल्या. म्हणाल्या, “तुमचे मोठे सर आज असायला हवे होते.” मग त्यांनी विचारलं, “ते माझ्याकडे येऊन गेले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही ना तुम्हाला? मला बजावून ठेवलं होतं, सुमनला बोलू नका म्हणून.”

नांदेड म्हणे! सर, तुम्ही त्या उन्हाळ्यात आदिलाबादला होतात. रजिस्टरात नाव नको, भत्ता नको, फक्त मागे बसू द्या, असं मॅडमना सांगून दहा दिवस बसलात, तुमच्या लेकीच्या वयाच्या शिक्षकांमध्ये. नऊ दिवस तोंड उघडलं नाहीत. दहाव्या दिवशी पाठ द्यायला उभे राहिलात, तो तक्ता भिंतीवर टांगलात आणि उलटा केलात. कोरी बाजू सगळ्यांसमोर. मग एकेकाला विचारलंत, “व्हॉट डिड यू बाय इन द मार्केट?” जो जे सांगेल ते लिहीत गेलात.

नंतर मॅडमनी विचारलं, त्या दिवसाचा राग नाही ना टीचरवर? तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मॅडमनी मला जसंच्या तसं सांगितलं. “राग काहे का मॅडम. उस दिन डरके तक्ता निकाली वो. डरना भी मेरेसे ही सीखी. बारह साल की थी, तब मैंनेच सिखाया.”

मी फाटकाला धरून रडले. शिपायाने पाणी आणून दिलं. दुःखाने नव्हते रडत, सर, सुटल्यासारखं झालं होतं. तुम्ही मला कधीच माफ करून मोकळे झाला होतात, आणि मी कुंपणातून साड्या फाडत होते.

पण एक सांगा, सांगायला काय झालं होतं? दोन वर्षं शेजारी बसून चहा प्यालो आपण. “पोरी, मी बी शिकून राह्यलो,” एवढं म्हटलं असतं तर? फाटकात तुम्ही टोमणा मारत नव्हतात, बोलायची सवय करत होतात, हे मला कसं कळावं? तुमचा स्वाभिमान आणि माझी लाज, दोघांनी मिळून आपली दोन वर्षं खाल्ली.

आज सकाळी ट्रंक उपसली. तक्ता उलटा करून अंगणात पसरला. तुमचं मोत्यासारखं अक्षर, निळी शाई. वरती त्या शिक्षकांची यादी, दोर, कंगवा, हिरव्या बांगड्या. आणि खाली आपल्या शाळेची. फाटकात मिळालेलं एकेक उत्तर तुम्ही घरी जाऊन लिहीत होतात! कमला, रेड रिबन. शिपाई, टोबॅको. हेडमास्तर, नथिंग, वाइफ बॉट. खूप हसले. मग शेवटची ओळ दिसली. ‘सुमन’ असं लिहून पुढे जागा कोरी ठेवलेली.

सर, एक कबूल करते. येत्या बैठकीत उटनूरला मी तो पडलेला धडा सांगणार आहे. तक्ता कुणी काढला आणि नाव कुणाचं घेतलं, दोन्ही सांगणार. आणि यापुढे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी फाटकात मी उभी राहीन, तुमचा प्रश्न विचारायला. तक्ता वर्गातच राहील, उलट्या बाजूने.

आज इचोड्याचा बाजार होता. मुद्दाम गेले. आल्यावर दौतीतली निळी शाई काढली आणि कोऱ्या जागेत उत्तर लिहिलं. उशीर झाला, पण यावेळी नंबराप्रमाणे दिलेलं नाही, माझं मी दिलंय.

आय बॉट अॅन अम्ब्रेला, सर.

तुमची,
नववा प्रश्न,
सुमन